होळकरी रुपयावरची हळद

दौंड, बुधवार, १९७४

धुवायलाच नको होता.

मी होळकरांची नाणी जमवतो हे कळल्यावर भांडगावच्या आबांनी देवघरातला रुपया साल वाचायला दिला होता. हळदीच्या थराखाली त्यावरचा सूर्याचा चेहराही दिसत नव्हता. मी चिंचेनं घासून लख्ख केला आणि आज ऐटीत परत घेऊन गेलो.

"साल लागलं व्हय, मास्तर?"

"लागलं, आबा."

"आन् हळद कुठं गेली?"

"धुतली."

आबा रुपया उलटसुलट करत राहिले. "आमच्या कारभारणीनं लावल्याली व्हती. ती गेल्यापास्नं म्या बोट लावलं न्हाई. ऱ्हाऊ द्या आता तुमच्याकडंच."

देवपूजेविरुद्ध मी सभेत तास तास बोलतो. आबांसमोर 'चुकलो' एवढंही तोंडातून निघालं नाही. का?

आत्ता दिव्याखाली पाहिलं, सूर्याच्या डाव्या डोळ्यात हळदीचा एक कण राहिला आहे. उद्या पहिल्या एसटीनं नेऊन देतो. आबा घेतील?

माझ्या या खोलीत कुणाच्या बोटाची एवढीही खूण नाही. दुसऱ्याच्या घरात होती, ती मी चिंचेनं घासली.