दोन्ही बाह्या उजव्या

सानपाडा, गुरुवार

प्रिय सफिया,

फोन केला असता तर तू दोनदा हं हं करून तो मिस्बाहच्या हातात दिला असतास, आणि तुझ्या लेकीशी मी पुन्हा हवापाण्याच्या गप्पा मारत बसले असते. म्हणून लिहायलाच बसले. आधी बातमी, कारण ती पोटात राहत नाहीये. आपली करिअर स्कूल ऑनलाइन होतेय. पूर्ण नाही, अर्धी. शिकवणं घरबसल्या फोनवर आणि रविवारी इथे येऊन मशीनवर काम. याला ब्लेंडेड म्हणतात. आपल्या शिवराम शिपायाने पहिल्याच दिवशी विचारलं, "म्हणजे मिक्सर काय, मॅडम?" तेव्हापासून अख्खा स्टाफ मिक्सरच म्हणतो. गेल्या आठवड्यात ट्रस्टच्या मीटिंगमध्ये प्रिन्सिपॉल म्हणून बोलायला उभी राहिले आणि माझ्याही तोंडून मिक्सरच निघालं.

त्या मीटिंगमध्ये आपल्या अध्यक्षांनी, हौसेरावांनी, अकाउंट्स ठेवलं, पार्लरचा कोर्स ठेवला आणि शिवणावर काट मारली. म्हणाले, "शिवण काय फोनवर शिकवतात काय? आणि सफियाबाई गेल्यापासून तिकडे शिकवायला हाय कोण?" मला असा राग आला म्हणून सांगू. वीस वर्षं तू ज्या खोलीत खडू घेऊन उभी राहिलीस, तिथे यांना स्टोअर रूम करायची आहे. मी म्हटलं, एक धडा करून दाखवते, मग बोला. त्यांनी एक तारखेपर्यंत मुदत दिली.

आता हसू नकोस. धडा मीच केला. बाहीचं कटिंग. तुझ्या हाताखाली शिकून तीन ब्लाउज बिघडवलेली मी, पण उत्साह बघ माझा. मोरपंखी साडी नेसले, शिवरामने समोर स्टँडवर फोन लावला, आणि मी बातम्या देणाऱ्या बाईसारखी सगळं नीट समजावून सांगितलं. एक बाही कापली आणि दुसरी कापताना नुसतं म्हटलं, "दुसरीही अशीच कापा." चौदा जणींना व्हिडिओ पाठवला. त्यातल्या निम्म्या उलव्याच्या आहेत, घरात लहान मुलं, रोज येणं जमत नाही. त्यांच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

रविवारी चौदा जणी आल्या आणि चौदाही जणींच्या दोन्ही बाह्या उजव्या. कापड उलटवून दुसरी बाही कापायची, हे मी हाताने केलं होतं, तोंडाने बोललेच नव्हते. आणि हात व्हिडिओत नव्हते. होता तो माझा चेहरा आणि मोरपंखी पदर. मी डोक्याला हात लावला. तेव्हा आमच्या उलव्याची सखू, नातवंडांची आजी झाल्यावर शिकायला आलीये, ती मला म्हणाली, "म्याडम, तुमचा तोंड काय बगायचा हाय? हात दाखवा ना."

सफिया, ते ऐकलं आणि मला तू दिसलीस. नवीन बॅचच्या मुली तुझ्या झुमक्यांकडे बघत बसायच्या आणि तू टेबलावर पट्टी आपटून म्हणायचीस, माझ्या तोंडाकडे काय बघताय, हाताकडे बघा. मला दिवसभर दुसरं काही सुचेना. संध्याकाळी शिवरामकडून कपडे वाळत घालायची दांडी टेबलाच्या वर आडवी बांधून घेतली आणि फोन तिला उलटा लटकवला. आता दिसतं फक्त टेबल, कापड, कात्री आणि मनगटापर्यंतचे हात. सखूने बघितलं आणि म्हणाली, "आता कसा, समदा कलतंय." फक्त हात माझे होते. माझी कात्री कशी चालते ते तुला माहीतच आहे.

आता तब्येतीचं, जे मी दीड वर्षं विचारलं नाही. तुझ्या चेहऱ्याला लकवा झाल्यावर मी खारघरला आले होते. तू अर्ध्या तोंडावर ओढणी घेऊन दार उघडलंस, आणि मी तासभर तुमच्या पडद्यांशी बोलले. पडद्यांच्या कापडाचं कौतुकसुद्धा केलं. तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. तुला ते कळलं, आणि पुढच्याच आठवड्यात तुझा राजीनामा आला. लोकांसमोर आता नको, एवढंच लिहिलं होतंस. लोक म्हणजे मीच होते. मला माफ कर.

हे पत्र एवढ्यासाठी, की शिवणाचा कोर्स तू घे. सानपाड्याला यायची गरज नाही, तुझ्या घरच्या टेबलावर कर. रविवारी मशीनवर बसवणं मी बघेन, तेवढं मला येतं. मिस्बाह सांगत होती, तू घरातल्या सगळ्या उशांना नवीन अभ्रे शिवलेस, आता शेजाऱ्यांच्या उशा मागवतेस. म्हणजे हात शिवशिवताहेत तुझे. शनिवारी सकाळी मी दांडी घेऊन खारघरला येतेय. फोन लटकवीन, तो फक्त हात बघेल, मी दोनदा तपासलंय. ओढणी घ्यायची की नाही ते तुझं तू ठरव. मी मात्र या वेळी पडद्यांकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघेन.

दोन उजव्या बाह्यांची,
तुझीच निशिगंधा