कोंबडीची बदकं आणि हरीचा हौद

१० एप्रिल १९९४, रविवार
गोठा पाडला तो पाडला, मला विचारलं पण नाही. म्हैस विकली म्हणून गोठ्याची जागा बेवारस झाली काय? तिथे आता माझ्या मुलाने, हरीने, पोहायचा हौद बांधलाय. निळ्या लाद्या, माणसाच्या गळ्यापर्यंत पाणी. मुलगा सांगतो, आये, अख्ख्या मानपाड्यात कोणाकडे नाही. नसेलच. बाकीच्यांची डोकी ठिकाणावर आहेत.
नात पिंकीने लिहायला शिकवलं. म्हणते, आजी रोज लिही, अक्षर सुधारेल. लिहिते. चांगलंच लिहीन असं कबूल केलेलं नाही.

१४ एप्रिल
बदकीण मुंगसाने नेली. अंडी राहिली. कोंबडी खुडूक बसलेली होती, तिच्याखाली सरकवली. आमच्यात असंच करतात, सासू पण करायची. कोंबडीला काय, अंडं ते अंडं.
बदक बदक लिहून हात दुखतो. आता नुसतं ब.

१३ मे
पिल्लं निघाली. सहा. कोंबडीचे एकवीस दिवस कधीच भरले होते, तरी उठली नाही. खरी बाई. आता एकेकाची चपटी चोच मान वाकडी करून बघते. सुमन सून होऊन आली तेव्हा मी पण अशीच बघत असणार.

१७ मे, मंगळवार
हरीचा ठाण्याचा पाहुणा आलेला. त्याला हौद दाखवायचा तर नुसता कसा दाखवणार. हरीने टोपलीतून पिल्लं आणली न सगळी पाण्यात सोडली. म्हणे, बदकाला काय पोहायला शिकवायला लागतं? पाहुणा हसला.
पोहली. मग जड झाली. कोंबडी काठावरून अशी ओरडत पळत होती की मी भाकरी तव्यावर टाकून आले. पाण्याच्या वर वीतभर काठ, नुसता गुळगुळीत, चढणार कुठून. सुपाने काढली. पाच निघाली. सहावं तळाला.
पाच जणं भिजून उंदरासारखी झालेली. चुलीपुढे गोणपाटावर ठेवली. दिवेलागणीला फुलली.
हरी जेवायला बसला. त्याला भाकरी करपलेलीच वाढली.

१९ मे
ताराबाय आली. माझी धाकटी बहीण, खाडीवर असते. जन्मभर बदकं पाळली तिने. ऐकून घेतलं न मलाच झापलं.
"बदकीण पोटाखाली घेते तेव्हा तिचं तेल पिल्लांना लागतं. कोंबडीला कुठलं तेल? पिसं येईस्तोवर पाणी दाखवू नको. परातीत चोच बुडेल एवढं दे, बस."
मी म्हटलं, माझ्या सासूची बरी जगायची.
"तुझ्या सासूकडे काय लाद्या होत्या? डबकं होतं. दमलं की पोर चालत बाहेर."
खरं आहे. पण तिला तसं बोलले नाही, डोक्यावर बसेल.

२२ मे
बांबू पुरले. ताराबायकडचं जुनं जाळं हौदाभोवती बांधलं. फळीवर गोणपाट ठोकलं, एक टोक काठावर दगडाखाली, एक पाण्यात. कोण पडलंच तर चढायला.
सुमन म्हणाली, "आई, सगळी शोभा गेली हो."
मी म्हटलं, शोभेला पाय असतात, परत येईल.
हौद साफ करणारा आला. पावडर टाकली की दोन दिवस जनावर जवळ आणू नका म्हणाला. वासानेच कळतं.
ब. पाच. ठीक.

८ जून
ब. ठीक. परात उलटी करतात. एक लंगडतं, हळद लावली.
पिंकीने मधल्याचं नाव राजकुमार ठेवलंय. तो दिवसभर चिखलात.

१९ जून, रविवार
पिसं आली. पावडरीचे दोन दिवस गेल्यावर जाळं उघडून सोडली. मी फळीपाशी बसून. पिंकी ताटलीत भात घेऊन वर उभी. ताटली वाजली की फळीवरून वर येतात, शहाणी. कोंबडी काठावर उभी राहून अजून शिव्या देते. तिला कोण सांगणार ही तुझी नाहीत म्हणून. मी तर नाही सांगणार.

२६ जून
आज हरीच्या बांधकामाच्या धंद्यातली माणसं जेवायला. बायकापोरं पण. ब. दुपारपासून खुराड्यात.

२७ जून, सोमवार
राजकुमार हौदात मेलेला. काठाकाठाने फिरून फिरून दमला असणार, चोच लादीला खरचटलेली. जाळं गुंडाळून भिंतीशी. फळी जिन्याखाली. पाहुण्यांच्या पोरांनी ब. बघायला खुराडं उघडलं न तसंच टाकलं.
पोरांना काय बोलायचं. फळी कोणी काढली?
सुमन: "मी फक्त जाळं काढा म्हटलं होतं."
हरी: "आये, एका बदकासाठी सकाळी सकाळी—"
पिंकी शाळेत न जेवता गेली.

२८ जून
हरी म्हणतो बदकं ताराबायला देऊन टाक, तिथे खाडी आहे.
खाडी आहे. कंपन्यांचं पाणी येतं, एक दिवस तांबडी, एक दिवस निळी. ताराबायची ब. गेल्या सालीच गेली, ती आता पाळत नाही. तिच्याकडे दिली तर खुराड्यातच ठेवावी लागतील, जन्मभर. ह्या गावात ब. ने उतरावं असं पाणी एकच राहिलंय, ते हरीच्या हौदातलं. हे लिहिताना माझाच मला राग येतो.
त्याला सांगितलं, जाळं नको तर पक्कं कुंपण घाल, फाटक लाव. फळी लाकडाची नको तर लादीचा उतार कर. म्हणतो, बघू.

३० जून, गुरुवार
इथलं सगळं कानावर गेलं म्हणून ताराबायने मासळीवालीजवळ निरोप धाडलाय. चार ब. ना जागा करून ठेवू का, की तुम्ही कुंपण घालताय? एक काय ते कळवा, मला खुराडं शाकारायचं आहे.
हरी पेपर वाचत होता. दोनदा सांगितलं. पान उलटलं.
सुमन म्हणाली, "आई, तुम्हीच कळवा ना मावशींना काहीतरी."
मी काहीतरी कळवणार नाही. सुमनने पण नाही. पिंकीला तर अजिबात पाठवायचं नाही. हौद ज्याने बांधला त्याने उद्या साइटवर जायच्या आधी खाडीवर जायचं, न ताराबायच्या दारात उभं राहून स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचं.