आबांच्या चित्रातली जागा

जळगाव, ९ जानेवारी १९४३
बाजारात गोविंदा भेटला. ह्यांचा मित्र, तोही भूमिगतच. वांगी निवडल्यासारखं करत शेजारी उभा राहिला. "मास्तरांना हिवताप. क्विनाइन पोचवा." कुठे? "मलाही एवढाच निरोप आलाय. आबांच्या चित्रातली जागा." वर बघते तो गेलासुद्धा.
पाच महिन्यांनी ह्यांची पहिली खबर, आणि ती अशी.

१० जाने.
चित्र माजघरात, माझ्या लग्नाआधीपासून. सासऱ्यांनी, आबांनी, सर्व्हे ऑफिसात असताना काढलेलं. डोंगर, ओहोळ, काळे खडक, पाण्यावर धुकं. इतकी वर्षं बघतेय, जागा कोणती हे कधी विचारलं नाही. आज विचारलं. आबा सुपारी कातरत राहिले. "तुला ठाऊक नाही तेच बरं."
भांडले. रडलेही. तिकडे मुलगा तापाने फणफणतोय आणि बाप हा असा!

१३ जाने.
गोविंदाला धरलं. धुळ्याच्या तुरुंगात आहे, फार मारलं म्हणतात. तेवढंच बोलला असणार, कारण दुपारी फौजदार आला तो थेट चित्रापुढे. "हे कुठलं?"
आबा म्हणाले, "लळिंगच्या मागचा डोंगर. धुळ्याकडे." आवाज जराही हलला नाही.
फौ. चित्र उतरवून घेऊन गेला. जाताना मला, "बाई, तुम्हांलाही हेच माहीत?" मान हलवली. लळिंग खरं की खोटं, देव जाणे.

१५ जाने.
कडाक्याची थंडी. बंबातलं पाणी घंगाळात ओतलं, वाफ पाण्याला चिकटून वर चढली आणि मी तांब्या धरून तशीच उभी. चित्रात आभाळ लख्ख. धुकं फक्त ओहोळाच्या एका टोकाला. ते धुकं नव्हेच.
आबांना हळू म्हटलं, "तिथलं पाणी ऊन आहे ना? अडावदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. लोक खरजेला न्हायला जातात तो झरा."
आबांनी आधी दाराकडे पाहिलं. "आता तुला मारलं तर?"
क्विनाइनची पुडी ओच्यात बांधली.

अडावद, १७ जाने.
झऱ्यावर जाऊन आले. सोबत अक्का, आबांची इथली बहीण. तेच काळे खडक, झाडं मात्र वाढलेली. न्हाणाऱ्या दोनचार बाया. ह्यांचा पत्ता नाही. लाकडं वेचणारी, डोंगरातल्या पावरा लोकांपैकी एक बाई जवळ आली, पुटपुटली, "मास्तर?" पुडी तिच्या हातात दिली. "जिवंत आहेत?" एवढंच सुचलं. तिने मान हलवली. हो की नाही ते कळायच्या आत खाली मोटार वाजली. ती झाडीत गेली.
फौ.! काखेत आपलं चित्र. त्याचा एक शिपाई ह्याच भागातला, त्याने चित्रातली जागा ओळखली असणार.
"बाई, तुम्ही इथे?"
अक्काच बोलल्या, "मना बठ्ठा हात खाजस, साहेब. न्हावाले उनू." आणि कराकरा खाजवत हात थेट त्याच्या नाकापुढे. तो मागे सरला. मग चित्र डोंगरासमोर धरून बराच वेळ बघितलं, आणि शिपाई वर पाठवले.
बाई गेली त्या वाटेकडे डोळे जाऊ नयेत म्हणून खाली वाकून तोंडावर पाणी मारत बसले. भाजत होतं.

जळगाव, २० जाने.
आबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "ताप उतरला असेल." परत तेच म्हणाले. परत.
फौ. काल आला नाही, आजही नाही. ते निसटले म्हणून नाही, की सापडले म्हणून आता इथे यायचं कारणच
आत्ता गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली. आबा कडीला हात लावून उभे आहेत. उघडत नाहीत.