मेलेल्या माणसाची भाकर

अप्पा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. मीही शाळेतून निवृत्त होऊन म्हातारी झाले. तुमच्याशी एक गोष्ट बोलायची राहून गेली, ती आता लिहून बघते.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. तलासरीच्या बाजूला एका लहानशा चौकीवर तुम्ही जमादार होतात आणि मी नुकतीच तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवायला लागले होते. चौकीच्या मागच्या दोन खोल्यांत आपण तिघं राहायचो. त्या चैत्रात फौजदाराने वारली जमातीतल्या एका मजुराला धरून आणलं. वखारीतलं गवत यानेच पेटवलं, अशी वखारवाल्या शेठची तक्रार होती. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मजुरी वाढवून दिल्याशिवाय गवताच्या गाठी बांधायच्या नाहीत, असं त्याने पाड्यावरच्या लोकांना सांगितलं होतं.

त्याला आणलं सोमवारी दुपारी. मंगळवारी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा चौकीचं दार आतून बंद होतं. एरवी ते कधी बंद नसायचं. दुपारी तुम्ही घरी आलात ते फडक्यात बांधलेली नागलीची भाकर घेऊन. ती चुलीपाशी ठेवलीत आणि कोंबड्यांना घाल म्हणालात. कोणाची, असं आईने विचारलं, तर तुम्ही नुसते हात धुवत राहिलात. बुधवारी पुन्हा तसंच फडकं, तशीच भाकर. या वेळी आई काही विचारत नाही. भाकर चुरते, कोंबड्यांपुढे टाकते आणि न जेवता आत जाऊन पडते.

गुरुवारी ओहोळात त्याचं प्रेत सापडलं. आरोपी सोमवारी संध्याकाळी लघवीचं निमित्त करून पळाला, असं चौकीच्या डायरीत लिहिलेलं होतं. सांगणारा फौजदार होता, पण अक्षर तुमचं.

पाड्यावरची माणसं गप्प बसली नाहीत. बायकापोरांसकट चालत डहाणूला गेली आणि प्रांतसाहेबांच्या कचेरीपुढे बसून राहिली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी चौकशी लावली.

तुमची साक्ष होती त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात. पुढ्यातला भात गार होऊन गेला होता. माझं लग्न तेव्हा डहाणू रोडच्या एका घरात जवळजवळ ठरलं होतं, मुलगा रेल्वेत होता. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "त्याचे पाय मी धरले होते." आईने तोंडाला पदर लावला. मी मात्र रडले नाही. मी म्हणाले, "डायरीत आहे तेच सांगा, अप्पा. तो काही परत येणार नाही." तुम्ही मान हलवलीत आणि भात कालवायला घेतलात.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी कचेरीच्या व्हरांड्यात उभ्या होतो. फौजदार इस्त्रीच्या कपड्यांत खुर्चीवर बसलेला, तुम्ही त्याच्या मागे. आधी त्या माणसाच्या बायकोला बोलावलं. माझ्याच वयाची असेल. तक्रार कोणावर, असं साहेबांनी विचारल्यावर तिने फौजदाराकडे बोट केलं. मग तुमच्याकडे वळून म्हणाली, "हा जमादार चांगला. माझी भाकर यानेच आत नेली. मंगळवारी पण, बुधवारी पण."

साहेबांनी डायरीचं पान उलटलं. सोमवारी पळालेल्या माणसाला मंगळवारी भाकर कशी नेली, ते त्यांनी तुम्हाला विचारलं. बाई वार चुकते आहे, एवढं म्हटलं असतंत तरी निभावलं असतं. फौजदार मान वळवून तुमच्याकडेच बघत होता. तुम्ही टोपी काढून टेबलावर ठेवलीत.

"बाई खरं बोलते, साहेब. तो मंगळवारी सकाळीच मेला होता. मला तिला सांगवलं नाही, म्हणून भाकर घेतली."

पुढे पाय धरल्याचंही सांगितलंत, आणि दाराआड फौजदाराने काय काय केलं तेही. ती बाई जमिनीवर बसते. रडत नाही, तुमच्याकडे बघत राहते. आजही मला ती तशीच दिसते.

फौजदार सस्पेंड झाला, खटलाही उभा राहिला. पण वरच्या कोर्टात चौकीवरचे दोन्ही शिपाई साक्षीत उलटले, डॉक्टरच्या कागदात बुडून मृत्यू असं लिहिलेलं होतं, आणि तो सुटला. काही वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात त्याला बढती मिळाल्याचं कानावर आलं. तुम्हाला खोट्या नोंदीबद्दल सहा महिन्यांची कैद झाली, नोकरी गेली, पेन्शनही गेलं. जो कबूल झाला तेवढाच गुन्हेगार ठरला. माझं लग्न मोडलं. तुम्ही सुटून आल्यावर वर्षभर मी तुम्हाला वाढायची, तुमचे कपडे धुवायची, पण बोलायची नाही.

तुम्ही डहाणूच्या एका चिकूच्या वाडीत राखणीला लागलात. तिथे एकदा तोडणीच्या बायकांत त्या माणसाची बायको आली. तुम्ही विहिरीमागे गेलात, तर ती तिथे येऊन उभी राहिली. "माझ्या भाकरीचं काय केलंस?" एवढंच तिने विचारलं. कोंबड्यांना घातली, असं तुम्ही सांगितलंत. तिने टोपली उचलली आणि झाडाखाली गेली. हंगाम संपेपर्यंत ती रोज येत होती, पण तुमच्याशी पुन्हा बोलली नाही. हे तुम्ही मला शेवटच्या आजारपणात सांगितलंत. मी तुमचे पाय चेपत होते, ते तशीच चेपत राहिले.

आता इकडे मला मान आहे. कुठे कोठडीत कोणी मेलं की कार्यकर्ते येतात, जमादाराची मुलगी म्हणून मला बोलायला नेतात. मागच्या महिन्यात एका मुलीने विचारलं, तुमच्या वडिलांना एवढं धैर्य कुठून आलं? मी सांगितलं, आदल्या दिवशी मी त्यांना म्हणाले होते की खरं तेच बोला. टाळ्या पडल्या. हे काही पहिल्यांदा झालं नाही, अप्पा. कितीतरी वर्षं मी हेच सांगत आले आहे. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर खरं सांगेन, असं इथे लिहावं म्हणून मघापासून पेन धरून बसले आहे. तेवढं मला लिहवत नाही.