शनिवारचा कागद

तंजावर,
शनिवार, १४ डिसेंबर २००२

प्रिय विनुताक्का,

तुझं पत्र आणि वल्लरीचा फोटो मिळून पंधरा दिवस होऊन गेले. पालथी पडून मान वर करून ती कॅमेऱ्याकडे बघतेय, आणि मागे तुझा हात दिसतोय, पडलीच तर धरायला. तो हात मी लगेच ओळखला. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. एकदा तर इंग्रजीत सुरुवात केली होती. मग वाटलं, ते सगळं मुळात इंग्रजीतच लिहिलं गेलं होतं, आता पुन्हा त्या भाषेत नको. तू जेवणाच्या सुट्टीत मला बाराखडी गिरवायला लावायचीस, आमच्या तंजावरी मराठीला हसायचीस आणि म्हणायचीस, बोलतेस तसंच लिही, मी समजून घेईन. तेव्हा आता समजून घे. चुका असतील त्या शुद्धलेखनाच्या असतील. बाकी जे लिहिणार आहे ते सगळं खरं आहे.

हे मी ऑफिसातच बसून लिहितेय. खालच्या भांड्यांच्या दुकानात अजून तशीच दिवसभर ठोकाठोक चालते. वर मात्र तीन कॉम्प्युटरांवर कापड टाकलंय. अमेरिकेचं काम कधीच थांबलं. आता आम्ही लग्नांच्या आमंत्रणाची पानं करतो, एका वीणा बनवणाऱ्याची साइट केली, स्वामीमलैच्या एका मूर्तिकाराची अर्धी झालीय. सेतुमाधव सर अजून रोज नऊला येतात, गणपतीला फूल वाहतात, मोडेम लागतो का बघतात आणि पेपर वाचतात. केस पांढरे झालेत त्यांचे. तुझी चौकशी करतात. मी म्हणते, बरी आहे.

तुला तो न्यू जर्सीचा फुलवाला आठवतो का? साइटसाठी तीनशे गुच्छांचे फोटो पाठवले होते त्यानं, आणि प्रत्येकाची मागची बाजू कापून पांढरी करायची होती. तू पानांची मांडणी करायचीस, मी मजकूर भरायची, आणि प्राणेश सहा आठवडे नुसत्या पाकळ्यांच्या कडा कापत बसला होता. माउस धरून धरून त्याचा अंगठा सुजला. सर म्हणाले, इतकं बारीक कोण बघणार आहे? तो म्हणाला, अक्का बघेल. तू बघायचीसच. घरी थोरली बहीण असून सगळ्या जगात अक्का म्हणून तो तुझ्याच मागे असायचा. त्याची आई वेंकूबाई डब्यात तुझ्यासाठी वेगळा लिंबूभात द्यायची, आणि तो सांगायला लाजायचा म्हणून डबा तुझ्या की-बोर्डाशेजारी ठेवून निघून जायचा. ऑफिसातलं सगळ्यांत कठीण काम तुझ्याकडे असायचं, सगळ्यांत किचकट त्याच्याकडे. मधलं माझ्याकडे. त्याचं तेव्हा काही वाटत नव्हतं, निदान मी तसं स्वतःला सांगायची.

आणि दर शनिवारी तो कागद. सरांनी कुठल्याशा व्यवस्थापनाच्या शिबिरात ऐकलं होतं की चांगल्या कंपनीत प्रत्येकानं आठवड्याचा विचार लिहावा: काय केलं, काय चुकलं, काय शिकलो, पुढे काय. शनिवारी चार वाजता आपण तिघं एकेक पान इंग्रजीत टाइप करायचो. सर ते छापून सोमवारी सकाळी फूल वाहून झाल्यावर वाचायचे, आणि त्यातला बरा भाग प्राणेश आपल्या साइटवर चढवायचा, अमेरिकेतल्या लोकांना आपण किती गंभीर आहोत ते कळावं म्हणून. तू नेहमी चार ओळी लिहायचीस. प्राणेश फक्त चुका लिहायचा, स्वतःच्या. मी पानभर लिहायची. सर माझ्या पानाचं कौतुक करायचे, आणि खरं सांगू, तेवढ्या एकाच गोष्टीत मी तुझ्या पुढे होते.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत काम आटायला लागलं ते तुला वेगळं सांगायला नको. फुलवाल्यानं पत्रांना उत्तर देणं बंद केलं, दुसऱ्यानं अर्ध्यात काम काढून घेतलं. सरांनी आपल्याला बसवून सांगितलं की शिकागोचं एक काम राहिलंय आणि त्याला दोनच माणसं लागतील. कुणाचं नाव घेतलं नाही. त्यानंतर तीन आठवडे कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. त्याच आठवड्यांत तू मला जिन्यावर थांबवलंस आणि सांगितलंस. आधी दोन वेळा पोटातलं गेल्यामुळे तीन महिने पुरे होईपर्यंत तुला कुणालाच सांगायचं नव्हतं, सासूबाईंनाही नाही. श्रीकरला माहीत होतं आणि मला. मग दोन दिवसांनी तू हसत म्हणालीस की प्राणेशलाही कळलं असणार. आईचं रक्त तपासायला तो तिला घेऊन आला होता आणि डॉक्टरीणबाईंच्या दारात त्यानं तुला पाहिलं. त्यानं नुसतं उठून तुला बसायला जागा दिली.

मार्चच्या पहिल्या सोमवारी सरांनी तुला केबिनमध्ये बोलावलं. तू बाहेर आलीस तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. ते फार प्रेमानं बोलले होते म्हणालीस, या दिवसांत विश्रांती घे, पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस. संध्याकाळी सरांच्या बायकोनं तुझ्या सासूबाईंना फोन करून अभिनंदन केलं, आणि मग घरात जे काही झालं ते तू मला नंतर सांगितलंस, सगळं नाही. गुरुवारी तुला दवाखान्यात नेलं. मी तीन दिवस तुझ्याजवळ होते. तू माझा हात सोडत नव्हतीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे कुणाच्या बोलण्यानं किंवा नजरेनं होत नाही, हा गर्भ राहणाराच नव्हता. तू ऐकत नव्हतीस. तू एकच विचारत होतीस, सरांना कुणी सांगितलं?

मग तू आपलं सामान न्यायला आलीस तो दिवस. मी तुझ्याबरोबरच जिना चढून आले. प्राणेश उठून उभा राहिला. त्यानं तुझ्या वस्तू आधीच एका खोक्यात नीट भरून ठेवल्या होत्या, पेनं, आरसा, कुंकवाची डबी, सगळं. तू खोक्याकडे पाहिलंही नाहीस. तू आवाजसुद्धा चढवला नाहीस. म्हणालीस, "तुझ्या तोंडानं माझं मूल गेलं, प्राणेश. यापुढे कुणाच्या पोटावर तुझी नजर पडू नये." तो काहीतरी बोलणार असं मला वाटलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि खोकं उचलून रिक्षापर्यंत आणून दिलं. मी तुझ्याशेजारी उभी होते, अक्का. तुझ्या खांद्यावर माझा हात होता.

सरांना प्राणेशनं सांगितलं नव्हतं. मी लिहिलं होतं. त्या शनिवारच्या कागदावर, शेवटच्या भागात, जिथे 'पुढे काय' लिहायचं असायचं. बरेच दिवस मी स्वतःला समजावलं की ते सहज लिहून गेलं, कामाची आखणी म्हणून, पुढच्या महिन्यांत कोण कुठलं काम बघेल एवढंच. तसं नव्हतं. ते वाक्य मी दोनदा पुसून तिसऱ्यांदा टाइप केलं. लिहिलं होतं की विनुता ऑगस्टनंतर काही महिने येऊ शकणार नाही, कारण तिला दिवस आहेत, तर शिकागोचं काम शिकायला मी तयार आहे. दोघांची गरज होती आणि तिघांत मी सगळ्यांत कच्ची होते, ते मला ठाऊक होतं. आमच्या अप्पांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते, पुढे घर माझ्याच पगारावर चालणार होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण आहे, पण त्यामागे लपत नाही. मला राहायचं होतं आणि तू जावीस असं मला त्या पंधरा मिनिटांत वाटलं. तुझं मूल जाईल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. पण ते तुझ्या घरी कळेल, हे मात्र आलं होतं.

प्राणेशला हे पहिल्यापासून माहीत होतं. कागद साइटवर चढवायचं काम त्याचंच. त्यानं ते वाक्य काढून टाकून बाकीचं चढवलं, पण तोवर सरांनी छापील कागद वाचला होता. तू गेल्यावर आठवड्यानं मी त्याला जिन्यात गाठलं. मला वाटत होतं तो मला वाचवतोय, आणि मी आभार मानायला गेले होते, इतकी मी निर्लज्ज. तो म्हणाला, "मी तुझ्यासाठी गप्प बसलो नाही. अक्काजवळ दवाखान्यात तू होतीस. ते तूच लिहिलंस हे तिला कळलं असतं, तर तिनं कुणाचा हात धरला असता?" मग म्हणाला, तिला बरं वाटू दे, नंतर तूच सांग. त्यानंतर दोन महिन्यांनी श्रीकरची बदली झाली आणि तुम्ही पुण्याला गेलात. मी पत्रं लिहीत राहिले. दर पत्रात सांगणार होते. मग तुला दिवस राहिले, तेव्हा कसं सांगायचं? मग वल्लरी झाली, तू इतकी सुखात होतीस, तेव्हा कशाला सांगायचं? प्राणेशनं पुन्हा कधी विचारलं नाही. आम्ही दीड वर्ष एका खोलीत बसून काम केलं, आणि आमच्यात कामापलीकडे एक शब्द झाला नाही.

तुझं ते नजरेचं बोलणं त्यानं कुठे नेऊन ठेवलं होतं ते मला कळलं नव्हतं. त्याची बहीण कामाक्षी ओरत्तनाडूला दिली आहे, तुला आठवत असेल. उन्हाळ्यात ती बाळंतपणाला माहेरी आली तर हा मानंबुचावडीतलं घर सोडून मित्राकडे राहायला गेला. सातव्या महिन्यात बांगड्या भरल्या, सगळं गोत जमलं, आणि सख्खा भाऊ ओट्यावरसुद्धा चढला नाही. रस्त्याच्या पलीकडे उभा राहून मोगऱ्याची पुडी दुसऱ्याच्या हाती पाठवली. सप्टेंबरात मुलगी झाली. त्यानं तिला एकदाही घेतलं नाही. वेंकूबाईंनी रागावून पाहिलं, रडून पाहिलं. कामाक्षीनं मनात धरलं की मुलगी झाली म्हणून याचं तोंड वाकडं. हे सगळं मला वेंकूबाईंनीच सांगितलं, तेही दवाखान्याच्या बाकावर बसून.

नोव्हेंबरात त्याला कावीळ झाली. आपल्याकडचं नेहमीचं झालं, आधी वैद्याची भुईआवळी ताकातून, पथ्याचा भात, अंगारा. दहा दिवसांनी तो बोलताना अडखळायला लागला तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. मी रोज जात होते. एका दुपारी कामाक्षी मुलीला घेऊन आली आणि त्याच्या उशाशी उभी राहिली. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. ती तशीच वळून निघून गेली. मी जवळ बसले आणि म्हटलं, मी आजच अक्काला लिहिते. मला वाटलं, तो गुंगीत आहे. मग म्हणाला, "लिही. मी काही केलं नाही, एवढं लिही." आणि थोड्या वेळानं विचारलं, "बाळ कुणासारखं दिसतं?" मी म्हटलं, तुझ्यासारखं. घरी येऊन कागद घेतला आणि फाडला. फाडलेल्या तीन कागदांतला हा पहिला.

प्राणेश तीन तारखेला गेला, मंगळवारी सकाळी. उद्या त्याचा तेरावा आहे. आज सकाळी मी वेंकूबाईंकडे जाऊन त्यांना आणि कामाक्षीला सगळं सांगितलं, कागदावरचं वाक्य, तुझं बोलणं, माझं गप्प राहणं. कामाक्षी उठून आत गेली. वेंकूबाई सुपातले तांदूळ निवडत राहिल्या, मग न बघताच म्हणाल्या, "त्याच्या हयातीत का नाही आलीस, पोरी?" मी निघाले तेव्हा त्यांनी हाक मारून थांबवलं आणि शेजाऱ्यांचा फोन नंबर लिहून दिला, ती चिठ्ठी याच पाकिटात घालतेय. त्यांना तुझ्या तोंडून एकदा ऐकायचंय की त्याच्या नजरेत काही वाईट नव्हतं. कामाक्षी त्या मुलीवरून दोन दिवस दृष्टीच्या मिरच्या उतरवतेय, भाऊ गेला तो बाळाच्याच पायगुणानं असं कुणीतरी तिला म्हटलंय. तू फोन कर, अक्का. जे प्राणेशला बोललीस ते त्यांच्यापाशी मागे घे. तुझ्याकडून मला उत्तर नको, मी त्याची वाट बघणार नाही. मला तू काहीही म्हण किंवा काहीच म्हणू नकोस, पण त्यांना आधी फोन कर.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क नसलेली,
शांभवी