तळ्याकाठच्या दोन बागा

आबा, पळसदरीच्या तळ्याकाठचा तो बंगला आठवतो ना, त्याची बाग आता तिकीट लावून दाखवतात. आमच्या रसायनीच्या कारखान्यातले लोक येत्या रविवारी बायकापोरांना घेऊन तिथे सहलीला निघालेत, आणि तुमच्या सुनेने मला न विचारता आमची नावं देऊन टाकली. मी लगेच विचारलं, जेवण कोण देतंय आणि का देतंय? ती म्हणाली, "अहो, कंपनी देतेय. तुम्हांला सगळ्यातच काळंबेरं दिसतं." दिसतं खरं. ही नजर तुम्हीच दिलीत मला, आणि वर आईजवळ म्हणायचात, पोरगं फार संशयी हाय.

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. आपल्या आळीने धम्मदीक्षा घेऊन फार वर्षं झाली नव्हती. तुम्ही रेल्वेच्या गँगमध्ये होता, आणि त्या बंगल्याचा मॅनेजर तुम्हांला स्टेशनावर भेटून म्हणाला होता, रविवारी पोराला घेऊन ये, शेठने विलायती गुलाब लावलेत, बघून जा. "गुलाब दावायला बोलावतो? कायतरी हाय यात," असं तुम्ही आईला म्हणालात. तरी गेलात. ठेवणीतला पांढरा सदरा घातलात, पाहुणा म्हणून बोलावलंय तर पाहुण्यासारखंच जायचं म्हणून. अजून दिसतं मला ते सगळं. आपल्याला पुढच्या फाटकातून आत घेतात. मॅनेजर गुलाब दाखवतो, कारंजं दाखवतो, तळ्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या दाखवतो. स्वतः पितो तसल्याच कपातून आपल्याला चहा देतो. तुम्ही कप फिरवून फिरवून बघता आणि मला डोळ्यांनी खुणावता, पी. मग तो सहज आठवल्यासारखं म्हणतो, "जाता जाता तेवढं मागचं मेलेलं वासरू ओढून टाक रे. कालपासून वास सुटलाय."

तुम्ही अर्धा कप खाली ठेवलात. "ते आमी सोडलं."

"अरे, तुझा बाप करायचाच की."

"बाप करायचा, म्हनून तर सोडलं."

माझं बखोट धरून तुम्ही बाहेर पडलात. रुळाच्या कडेने घरी येताना म्हणालात, "लई गोड व्हता रं चा. तवाच कळाया पायजे व्हतं." मी हसलो, तुम्ही हसला नाहीत. तेव्हापासून कुणी माझ्या चहात जरा जास्त साखर घातली की माझी मान ताठ होते. बढती मिळाली तेव्हाही पेढे वाटायच्या आधी मी दोन दिवस विचार करत बसलो होतो की यांना माझ्याकडून नक्की काय हवंय.

तुम्ही गेल्यानंतर कारखान्याने इटलीहून एक मशीन घेतलं आणि ते शिकायला दीड महिना मला तिकडे धाडलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, तुलाच का? मीही तेच म्हणालो. तिथे मला शिकवायला एक म्हातारा फोरमन होता, साधारण तुमच्याच वयाचा, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा. एका रविवारी तो बायकोला घेऊन माझ्या खोलीवर आला आणि म्हणाला, चल, सरोवर दाखवतो, जुन्या बागा दाखवतो. झालं, माझं डोकं सुरू. मशीन पसंत आहे म्हणून शेवटी सही मी करणार होतो. म्हटलं, मस्का लावतोय. गाडीचं तिकीट त्याने काढलं, नावेचं त्यानेच काढलं, मी पैसे पुढे केले तर त्याच्या बायकोने माझी मूठ मिटवली. सांगून ठेवतो, सही मी चारचारदा तपासूनच केली. मशीन चोख होतं, अजून चालतंय.

सरोवर म्हणजे आपली दहा तळी बसतील एवढं, आणि मधल्या बेटावर शेकडो वर्षांपूर्वी कुणा सरदाराने केलेली बाग. खडकाच्या बेटावर नावेतून माती आणून भरली होती म्हणे. फोरमन कौतुकाने सांगत होता आणि मी मनात म्हणत होतो, सरदाराने कसली भरली, वाहिली कुणी ते सांग. एका कोपऱ्यात लोकांची गर्दी, जाऊन बघतो तर केळ. साधी आपली परसातली केळ, तिला घड नाही की काही नाही, आणि लोक तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतायत. पलीकडच्या काठावर पाणपक्ष्यांसाठी राखलेलं रान होतं, तेही त्याने बोट करून दाखवलं. आपल्याकडे रान राखतात ते मोळी आणणाऱ्या बायांपासून, म्हणून तिथेही बाया कुठे दिसतात का ते मी बघत होतो. आणि हिरवळीवर पांढरे मोर फिरत होते. मला तर चुना फासलाय असंच वाटलं.

लिंबाच्या कुंड्यांमधल्या वाटेवर त्यातलाच एक मोर मरून पडला होता. मुंग्या लागल्या होत्या. पुढचे लोक थांबले, एका बाईने नाकाला रुमाल लावला. माळी कुठे दिसेना. आबा, त्या घोळक्यात काळा माणूस मी एकटाच होतो. फोरमनने वळून माझ्याकडे बघितलं, कोट काढला आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, आलं. एवढं फिरवलं, नावेत बसवलं, ते याच्यासाठी. तुमचं वाक्य इंग्रजीत कसं म्हणायचं ते मी मनात जुळवायला लागलो.

आणि त्याने बाह्या सारल्या, वाकला, तो मोर दोन्ही हातांनी उचलला आणि कुंपणाच्या झुडपाखाली नेऊन ठेवला. कुणाला काही वाटलं नाही. त्याच्या बायकोने तर पुढचा बाक गाठून डबा उघडलासुद्धा. त्याने हात गवताला पुसले, पँटला पुसले, माझ्याशेजारी येऊन बसला, मोठा पाव घेऊन त्याच हातांनी मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला.

घरी आल्यावर मी हे सगळ्यांना सांगितलं, आळीतल्या सभेतही सांगितलं, पण पाव मोडला तिथपर्यंतच. लोक टाळ्या वाजवतात. तुम्ही असतात तर टाळी वाजवली नसतीत, पुढं काय झालं रं, म्हणून विचारलं असतंत, आणि तुमच्या तोंडावर खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. तुम्ही नाहीत म्हणूनच लिहितोय. त्याचे ते हात बघून मला शिसारी आली, आबा. मी अंग चोरून बाकावर सरकून बसलो आणि भूक नाही म्हणालो. पोटात सकाळपासून कावळे कोकलत होते.