रांजणातला मागूर

बाबा, गावाकडच्या बोडीत यंदा गुडघाभरच पाणी उरले आहे. पाळीवर उभे राहिले की मधला काळा चिखल दिसतो, आणि मागूर मासे सगळे तिथेच. तुम्ही असता तर धोतर खोचून सरळ उतरला असता. माझे गुडघे आता उतरू देत नाहीत, म्हणून मी पाळीवरूनच धरते, आणि कशाने धरते हे ऐकाल तर हसाल. तुमचे जावई नागझिऱ्याच्या जंगलात गाइड आहेत. त्यांच्या एका पाहुण्याने जाताना आपली मासे धरायची काडी त्यांना देऊन टाकली. काडी बारीक आणि लवचीक, दोरी मात्र जाड. काडी मागेपुढे झुलवली की दोरी हवेतून लांब जाऊन पडते. टोकाच्या वाकड्या गरीला गांडूळ नाही, दोऱ्याने बांधलेले पीस. खोटा किडा. मी काळ्या कोंबडीचे पीस बांधले, तर धाकटा भाऊ पाळीवर बसून दात काढून राहिला होता. "ताई, मागूर का आंधळा आहे, कोंबडीचे पिसं खायले?"

आंधळाच म्हणायचा तसा. तुम्हीच तर सांगितले होते. मी पाचवीत असेन, तुम्ही विळ्याने बांबू तासून माझ्यासाठी काडी केली होती. भावाला नाही, मला. मी एवढी फुगले की गरी टाकली आणि लगेच ओढली, पुन्हा टाकली, पुन्हा ओढली. तुम्ही शेजारी बिडी ओढत बसला आहात. मग म्हणता, "काऊन पानी ढवळून राहिली? मागूर पाह्यत नाही, मिशीनं चाचपते. त्याले चाचपू दे. आपल्या आज्या-पणज्यांनं तलाव बांधले, त्याईले घाई असती तं एक पाळ उभी झाली नसती." मला तेव्हा रडू आले होते. अजूनही कुणी घाई करू नको म्हटले की माझा पारा चढतो, पण परवा ते पीस मी चिखलावर टेकू दिले आणि दोरी बोटाने अगदी हळू, जळू सरकावी तशी ओढली, तेव्हा तुमचेच ऐकत होते.

घाई मात्र होती, बाबा. माय होळीपासून जेवत नाही. मी तिला फुलचूरला माझ्या घरी आणले आहे, येताना तिने आपला छोटा रांजण सोडला नाही, ऑटोत मांडीशी धरून आली. डॉक्टर म्हणतात वय झाले, जे मागेल ते द्या. तिने एकच मागितले, बोडीचा मागूर. बाजारातून आणला तर तिने मान फिरवली. आपल्या घरची रीत तिला पाठ आहे. आजाऱ्यासाठी मागूर जाळ्याने धरायचा नाही, घरच्यानेच गरीने धरायचा, जिवंत आणून रांजणात ठेवायचा, आजाऱ्याला दाखवायचा, आणि त्याने "रांध" म्हटल्याशिवाय चूल पेटवायची नाही. तिसऱ्या खेपेला दोरी जड झाली. आधी वाटले काडीकचऱ्यात अडकली, मग ती चालायला लागली. धाकट्याचे हसणे बंद झाले, तोच चिखलात उतरला आणि काट्यापासून बोटे वाचवत त्याने मागूर डब्यात टाकला. स्कूटीवर दोन्ही पायांमध्ये तो डबा धरून मी घरी आले. वाटेत वेड्यासारखी एकटीच हसत होते.

तुमच्या आजारपणातही मागूर मीच धरला होता, त्याच बांबूच्या काडीने. मी बारावीत होते. हाच रांजण तुमच्या खाटेजवळ ओढून आणला, तुम्ही कोपरावर उठून आत पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणालात, "सोडून दे, पोरी." मला राग आला. दिवसभर उन्हात बसून धरलेला मासा. पण तुमचा शब्द मोडायची सवय नव्हती, मी मुकाट्याने बोडीत सोडून आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. त्यानंतर मी कितीदा विचार केला की तुम्हाला माशाची दया आली होती, की तुम्हाला कळले होते आणि आम्हाला तसे सांगत होता. आणि नसता सोडला तर काय झाले असते, हाही विचार केला. वेडा आहे, माहीत आहे मला.

परवा मायला धरून बसवले. तिने रांजणात पाहिले. मागूर तळाशी मिशा हलवत होता. तिचा चेहरा असा उजळला की मी मसाला वाटायला उठलेच होते. तिने माझा पदर धरला.

"सोडून दे वो, बाई."

"कायले? तूच तं मांगला होता ना."

"पाह्यला ना मी. झालं."

मी हो म्हटले. रांजण उचलला आणि बाहेर गेले. तुम्ही असता तर विचारले असते की तेव्हा तुमच्या मनात काय होते, पण तुम्ही नाही, आणि हा कागद घेऊन मी कुठल्या डाकघरात जाऊ.

मी सोडला नाही, बाबा. रांजण मागच्या मोरीत झाकून ठेवला आहे, रोज पाणी बदलते, भाताची शिते टाकते. तो मधूनच हवा घ्यायला वर येतो आणि गुळुक वाजते. माय खाटेवरून विचारते, "कायचं वाजून राहिलं?" मी सांगते, नळ गळून राहिला, माय.